रेल्वेच्या खुर्चीत रात्रभर झोप: माझा अनुभव

रात्रीच्या गाडीत बसायची जागा मिळाली की बहुतेक जण आधी मानेची उशी विकत घेतात. माझ्या हिशेबात तो शेवटचा प्रश्न आहे. बसल्या जागी झोप बिघडते ती खालून. कंबर हळूहळू पुढे सरकते, पाठीला पोक येतो, डोकं पुढे लोंबतं आणि मग मान धरते. कंबर जागेवर राहिली तर गुंडाळलेल्या टॉवेलवरही मान निभावून जाते. म्हणून मी सगळी मांडणी खालून वर करते.

त्याआधी जागेची निवड. बहुतेक डब्यांची चाकं दोन्ही टोकांजवळ असतात आणि रुळांचे सांधे, फाट्यांवरचे धक्के, ब्रेकची किंचाळी हे सगळं तिथूनच वर येतं. दारं आणि स्वच्छतागृहंही टोकांनाच. त्यामुळे डब्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातली जागा घ्यावी. फक्त एक बघायचं: काही डब्यांत नेमक्या मध्यावर समोरासमोरच्या खुर्च्या आणि मधे टेबल असतं. तिथे समोरच्याच्या गुडघ्यांशी रात्रभर तह करत बसावं लागतं. तेवढी रांग सोडून पुढची-मागची घ्यावी. भिंतीला टेकलेली शेवटची रांगही टाळावी, कारण तिची पाठ बऱ्याचदा मागे जातच नाही.

खिडकी की वाट? झोपायचं असेल तर खिडकी. टेकायला भिंत मिळते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागत नाही आणि शेजाऱ्याला बाहेर पडायचं असलं तरी आपण उठत नाही. रात्रीतून दोन-तीनदा स्वच्छतागृहाला जाणाऱ्यांनी मात्र वाटेकडचीच जागा घ्यावी. घरी उजव्या कुशीवर झोपणाऱ्याने उजवी खिडकी घ्यावी, डाव्या कुशीवर झोपणाऱ्याने डावी. शरीर सवयीच्या बाजूला आपोआप कलतं. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत उजवी खिडकी पूर्वेला येते आणि पहाटेचं ऊन थेट तोंडावर पडतं, हेही तिकीट काढताना लक्षात घ्यावं.

आता खुर्चीचा कल. निकोल्सन आणि स्टोन या संशोधकांनी १९८७ साली खुर्चीतल्या झोपेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश मागे गेली की बऱ्यापैकी झोप लागते, त्याहून बरीच उभी असेल तर झोप तुटत राहते, असा त्याचा निष्कर्ष होता. खुर्ची किती कलते हे मोबाइलमधल्या लेव्हल मोजणाऱ्या अ‍ॅपने पाठीवर मोबाइल टेकवून कळतं. कल कमी पडला तर उरलेली कसर खिडकीच्या कोपऱ्यात तिरकं बसून भरून काढायची: भिंतीकडचा खांदा कोपऱ्यात, दुसरा थोडा पुढे, दोन्ही गुडघे किंचित वाटेकडे वळलेले.

बसण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खिसे रिकामे करावेत, विशेषतः मागचा. पाकिटावर बसलं की एक नितंब उंच राहतो आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. मग नितंब खुर्चीच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत ढकलून बसायचं आणि त्यानंतरच खुर्चीची पाठ मागे घ्यायची. ती घेताना मागे एकदा वळून बघावं आणि हळू घ्यावी. मागच्याच्या टेबलावर गरम काही असू शकतं. पाठ मागे गेली की हातांवर भार देऊन पुन्हा एकदा नितंब मागे सरकवायचे. खुर्चीच्या पाठीची बिजागरी आणि आपल्या खुब्याचा सांधा एका जागी नसल्यामुळे पाठ कलताना अंग थोडं पुढे ढकललं जातं आणि शर्ट वर चढतो. ही दुसरी सरकवणी विसरली की सगळी रात्र घसरगुंडी होते.

घसरण्याचं कारण साधं आहे. पाठ कलते, पण बसायचा भाग बहुतेक खुर्च्यांत सपाटच राहतो, त्यामुळे पाठीवरचा भार अंगाला पुढे रेटतो. त्याला अडवायचे दोन उपाय. पहिला, गुडघे खुब्यांपेक्षा किंचित वर येतील इतके पाय उचलायचे. पाय टेकायची दांडी असेल तर ती, नसेल तर १५ ते २० सेंटिमीटर उंचीची मऊ पिशवी पायाखाली. चाकांची बॅग नको, ती वळणावर पळते. दुसरा, टॉवेलची सुरळी करून बसायच्या भागाच्या पुढच्या कडेखाली किंवा कडेवर ठेवायची. मात्र गुडघ्यामागे आणि कडेमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. तिथे दाब आला तर पाय बधिर होतात. पोटरीचा आधार वर येणारी खुर्ची मिळाली तर तो आधार आणि पायाखालची दांडी दोन्ही एकदम वापरावीत. नुसत्या पोटरीच्या आधारावर टाचा लोंबत राहतात.

कंबरेच्या पोकळीत स्वेटर किंवा शाल घडी करून ठेवावी. दाबली गेल्यावर ती चार-पाच सेंटिमीटर जाड उरावी. याहून जाड घडी पोट पुढे ढकलते आणि सगळा उपद्व्याप उलटतो. जागा म्हणजे पट्टा जिथे बांधतो त्याच्या थोडं वर.

आता मान. डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास असतं. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत, म्हणजे रेम अवस्थेत, मानेचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात. ही अवस्था रात्रीच्या उत्तरार्धात जास्त लांबते. रात्री अकराला ठीक वाटलेला आधार पहाटे तीननंतर फसतो, तो त्यामुळे. आधार निवडताना कसोटी अशी लावायची: मान पूर्ण ढिली सोडली तर डोकं कुठे जातं?

नालाच्या आकाराच्या उशीचा मागचा जाड भाग डोकं उलट पुढे लोटतो. मी ती उशी उलटी घालते, जाड भाग हनुवटीखाली आणि उघडी बाजू मागे. हनुवटी खाली पडणंच तर थांबवायचं असतं. फुगवायची उशी असेल तर साधारण दोन तृतीयांशच फुगवावी. तट्ट फुगलेल्या उशीवरून डोकं चेंडूसारखं निसटतं. उशी नसेल तर मोठा टॉवेल घट्ट गुंडाळून मफलरसारखा गळ्याभोवती घ्यावा आणि ज्या बाजूला कलायचं तिकडे दोन पदर जास्त द्यावेत. खांदा आणि कान यांमधलं अंतर भरलं की पुरे.

काचेला थेट डोकं टेकवू नये. डब्याची थरथर हाडांतून सरळ कानात जाते, काच गार असते, आणि गाडीने झोल घेतला की कपाळ आपटतं. मधे किमान दोन बोटं जाडीचं मऊ काहीतरी हवं.

कोपराचाही विचार करावा. हाताच्या कठड्यावर कोपराची आतली बाजू दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणतं, कारण तिथली नस कातडीच्या अगदी जवळून जाते. कठड्यावर कोपर ठेवण्यापेक्षा दोन्ही हात शालीखाली पोटावर, बोटं गुंतवून ठेवावेत. पायावर पाय टाकून झोपलं तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि उठल्यावर पाऊल उचलत नाही.

शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर मधला कठडा वर करून आडवं व्हायचा मोह होतो. डोकं खिडकीकडे घ्यावं, वाटेकडे कधीच नको, आणि पाय वाटेत येऊ देऊ नयेत. दोन खुर्च्यांमधली खाच बरोबर बरगडीखाली येते, ती शालीने भरून काढावी. पुढच्या स्टेशनावर कोणी आलं तर उठावं लागणार हे गृहीत धरूनच झोपावं.

थंडीचा अंदाज लोक डब्यात शिरताना घेतात, आणि तिथेच चुकतात. शरीराचं तापमान पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास, सगळ्यांत खाली असतं. शिवाय रेम झोपेत शरीर स्वतःला नीट गरम ठेवू शकत नाही. डब्याची हवा तीच असली तरी चार वाजता हुडहुडी भरते. एका जाड कोटापेक्षा दोन पातळ थर, मोज्यांचा दुसरा जोड आणि कानटोपी जास्त कामाची. हे सगळं वरच्या फळीवरच्या बॅगेत ठेवू नये, मांडीजवळच हवं. झोपेत उठून बॅग उघडायची म्हणजे उरलीसुरली झोपही गेली. बसल्यावर हात फिरवून हवेचा झोत कुठून येतो ते पाहावं. काही डब्यांत तो खिडकीच्या कडेतून वर येतो आणि थेट मानेवर लागतो. तिथे शालीचं टोक आडवं लावावं.

उजेडाला डोळ्यांवरची पट्टी, आवाजाला फोमचे इअरप्लग. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचं. नुसता कोंबलेला प्लग फुगून बाहेर येतो आणि मग लोक त्यालाच नावं ठेवतात.

पायांच्या रक्ताभिसरणाकडे विमानात जेवढं लक्ष देतात तेवढं गाडीत देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ते रेल्वे, बस, मोटार या सगळ्यांना लागू आहे. तसा निरोगी माणसाचा धोका लहानच: चार तासांहून लांब विमानप्रवासानंतर साधारण ६,००० जणांत एक. तरी जाग येईल तेव्हा पावलं वीस वेळा वर-खाली करावीत आणि एकदा डब्याच्या टोकापर्यंत चालून यावं. बुटांचे बंद सैल करावेत, पहाटेपर्यंत पाऊल सुजतं. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेले असतील तर गुठळी टाळण्यासाठीच्या घट्ट मोज्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. झोपेची गोळी गाडीत घेऊ नये. ती घेतली की माणूस अंग हलवतच नाही, आणि स्टेशनही चुकतं.

कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा चहा-कॉफी दुपारी. जेवण गाडीत चढण्याआधी, हलकं.

झोपण्यापूर्वी दोन कामं. तिकीट तपासनिसाला सहज दिसेल असं ठेवावं आणि शेजाऱ्याला तो कुठे उतरणार ते विचारून घ्यावं. आधी उतरणारा वाटेकडे बसला तर दोघांचीही झोप वाचते. गजर उतरण्याच्या ४० मिनिटं आधीचा लावावा, कारण गाढ झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला अर्धा तास लागू शकतो. इअरप्लगमुळे आवाज ऐकू येत नाही, तेव्हा मोबाइल थरथरणाऱ्या गजरावर, अंगाला लागून, आतल्या खिशात. ठिकाण जवळ आलं की वाजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. धातूचा डबा आणि लेप दिलेल्या काचा यांत सिग्नल बुडतो. गाडी उशिरा धावत असेल तर गजर वाजल्यावर नवी वेळ पाहून तो पुन्हा लावायचा, पण पाठ उभी करून. कललेल्या खुर्चीत घेतलेली ती दहा मिनिटं दहा राहत नाहीत.