आधी अंक पोहोचवायचा कसा ते ठरवा, मग छापा

देवगडात बसून नियतकालिक काढायचे म्हटले की कोणी ना कोणी पोंभुर्ल्याची आठवण काढतोच. मराठीतले पहिले वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर तिथले, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. पण ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला तो मुंबईत. परवडणाऱ्या छपाईसाठी मलाही गाव सोडावेच लागले, फक्त मुंबईऐवजी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले.

बाजूला ठेवलेले ३०,००० रुपये एवढेच भांडवल होते. आकार डेमी अष्टमांश (डेमी मापाच्या कागदाचा आठवा भाग), पृष्ठे ६४, आतली छपाई एकरंगी, असे ठरवून मी हिशेब मांडला. डेमीच्या एका कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ पृष्ठे बसतात. म्हणजे एका प्रतीला ४ कागद, ३०० प्रतींना १,२०० कागद, आणि ५०० कागदांचे एक रीम धरून नासधुशीसह ३ रिमे. आतल्या ८ प्लेटा (ज्यांवरून कागदावर छाप उमटतो ते पत्रे), रंगीत मुखपृष्ठाच्या ४. प्लेटांचा खर्च ३०० प्रतींना जेवढा तेवढाच १,००० प्रतींनाही येत असल्यामुळे छापखान्याचे मालक मनापासून म्हणाले, ‘अहो, हजारच काढा, वर फक्त कागद आणि बांधणीच लागेल.’ त्यांचे गणित चुकीचे नव्हते. मला प्रत ६० रुपयांना पडत होती, ती बरीच खाली आली असती. पण उरलेल्या ७०० प्रती आमच्या माळ्यावर गेल्या असत्या, आणि कोकणातल्या माळ्यावर वाचकाच्या आधी वाळवी येते. मी ३०० वरच थांबलो.

नियतकालिकाच्या नोंदणीचा बाऊ मी उगाच केला होता. १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे आणि शीर्षकाचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. आवडलेले पहिले नाव दुसऱ्या कोणी तरी आधीच घेतलेले निघाले, एवढाच काय तो मनस्ताप.

खरा पेच टपालाचा होता. वृत्तपत्रांना मिळणारी टपालदरातली सवलत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघणाऱ्या नियतकालिकांना मिळत नाही, आणि दर महिन्याला अंक काढणे माझ्या कुवतीबाहेरचे होते. अनेक लहान संपादकांचा आधार असलेली, छापील मजकूर स्वस्तात पाठवण्याची बुक पोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ मध्ये ज्ञान पोस्ट आली, पण ती पुस्तकांसाठी. नियतकालिकांना तिथे प्रवेश नाही. ८० रुपयांच्या अंकावर टपालाचा आणि पाकिटाचा खर्च चढवला की हातात काय उरते, हे लिहून दाखवण्याची गरज नाही.

तेव्हा मी टपालाचा नाद सोडून वाचकांचा प्रवास पाहिला. माझे निम्म्याहून अधिक वर्गणीदार चाकरमानी आहेत आणि ते वर्षातून तीनदा स्वतःहून गावी येतात: गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. अंकही त्याच तीन वेळांना काढायचे ठरले. अंतर समान नाही, हे ऐकून एका जाणत्या स्नेह्यांनी नाक मुरडले. परंतु घरोघरी हातात अंक देता येत असेल, तर चार-चार महिन्यांची शिस्त मला नको होती.

या सोयीची किंमत पहिल्याच गणपतीत मोजावी लागली. अंक श्रावणात छापून आला. मुखपृष्ठाला बाहेरून चकचकीत लॅमिनेशन होते. ते मीच हौसेने मागितले होते. गठ्ठा सोडल्यावर दोन दिवसांत प्रत्येक मुखपृष्ठ भाजलेल्या पापडासारखे बाहेरच्या बाजूला वळले. लॅमिनेशनमुळे बाहेरून दमट हवा आत शिरत नाही, आतली उघडी बाजू मात्र ती शोषून फुगते, आणि कागद चकचकीत बाजूकडे वाकतो. अंगण ओले असताना हे सुचायला हवे होते. शिवाय खाऱ्या हवेने पिनांनी गंज धरला आणि शिमग्यापर्यंत मधल्या पानांवर तांबूस डाग उमटले.

आता मुखपृष्ठ साधे, लॅमिनेशनविना, आणि पिनेऐवजी दोरा. चारही फर्मे (छापून घडी घातलेले कागद) एकात एक घालून घडीवर दाभणाने तीन भोके पाडायची, मेण लावलेला सुती दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर नेऊन दोन्ही टोकांना फिरवायचा आणि आतच गाठ मारायची. माझी गाठ सुटत असे. जाळी दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या काकी दोन अंक शिवून होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘दोरो हय दे,’ आणि दुहेरी वेढ्याची गाठ मारून दाखवली. रात्रीच्या जेवणानंतर तिघे बसलो की चाळीसेक अंक शिवून होतात.

जाहिरातींविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. एका बागायतदारांनी मलपृष्ठाचे पैसे हापूसच्या दोन पेट्यांनी फेडले. त्या मी वहीत जमेच्या बाजूला लिहिल्या आणि घरच्यांनी दोन दिवसांत खर्चाच्या बाजूला नेल्या.

जे गावी येऊ शकत नाहीत त्यांच्या प्रती परतीच्या गाडीने जातात. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की मी वाडीवाडीतून फिरतो आणि ज्याच्या त्याच्या सामानात उपनगराप्रमाणे गठ्ठे ठेवतो. गेल्या खेपेला डोंबिवलीच्या आठ प्रती एका पिशवीत नारळ आणि कोकमांबरोबर गेल्या. सातांची पोच आली. आठव्या प्रतीवर कोकमाचे आगळ सांडले होते, ती मी बदलून दिली.