भावाला संस्थेत ठेवलंत, भीती नाही वाटत?

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, बारशात विचारतात, एकदा तर रिक्षाच्या लाइनीत विचारला होता. गेल्या आठवड्यात परत दोघींनी विचारलं, दोघींच्याही घरी तिशी ओलांडलेली स्पेशल मुलं आहेत, म्हणून आता बसून लिहितेच. तर हो, वाटते. रोज वाटते.

बापू माझा धाकटा भाऊ, वय ४५, बौद्धिक दिव्यांग आणि त्यात फिट्स येतात. (संस्थांमध्ये सरसकट 'आमची मुलं' म्हणतात, टक्कल पडलेल्या माणसाला मुलगा म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण ते असो.) आई होती तोवर तो घरीच. आईला संस्था हा शब्दच चालायचा नाही आणि त्याला कारण होतं. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससूनला ऑपरेशन करून काढली, का तर म्हणे त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. पेपरात आलं, महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे थांबलं. आईने ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. "सोय कुणाची बघतात ते बघ," एवढंच म्हणायची.

२०१७ ला आई गेली, मग माझी नोकरी, ह्यांची बायपास, आणि बापूला रात्री तीनला फिट आली की एकटीने उचलायचा तर माझी कंबर गेलेली. शेवटी शोधली संस्था.

आणि पहिली चुकले. नाव नाही सांगत. खाली मार्बल, रिसेप्शनला काच, सोळा कॅमेरे, भिंतीभर पुढाऱ्यांसोबतचे फोटो. भेट महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी दहा ते बारा, तीही हॉलमध्ये, वर खोलीत जायचं नाही कारण बाकीची मुलं डिस्टर्ब होतात. मला वाटलं वा काय शिस्त आहे. चौथ्या महिन्यात बापू समोर आला तो ढगळ शर्ट घालून, खांदे कोपरापर्यंत उतरलेले, मी चिडलेच की दुसऱ्याचे कपडे का घालता याला. मग खिशावरचा डाग दिसला. शर्ट त्याचाच होता, मीच दिवाळीला घेतलेला.

तशीच रिक्षात घालून आणला, मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभा केला, नऊ किलो कमी. बोलताना जीभ जड. शांत राहावा म्हणून गोळी वाढवलेली, मला फोनसुद्धा नाही. आणि हॉस्पिटलला नेल्यावर कळलं की त्याला आठ दिवस शौचालाच झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले या गोळ्यांनी आतडी मंदावतात, त्यात हालचाल नाही, पाणी कमी, आणि पोट दुखतंय हे याला सांगता येत नाही, अशाने माणूस जातो हो. सोळा कॅमेऱ्यांपैकी एकालाही हे दिसायचं कारण नव्हतं.

आता बापू जिथे आहे तिथे आठच जण राहतात, भिंतीचे पोपडे निघालेत, आणि पहिल्या भेटीत तिथल्या मावशींनी मलाच अर्धा तास प्रश्न विचारले. घास चावतो की गिळतो, फिटच्या आधी काही करतो का, कुठल्या कुशीवर झोपतो, राग आला की काय फेकतो. फीचं नंतर निघालं. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही आहे, तिला सगळे शीची वही म्हणतात, रोज प्रत्येकाच्या नावापुढे टिक, तीन दिवस टिक नाही तर डॉक्टरला फोन. दर महिन्याच्या एक तारखेला वजन. कुठलीही संस्था बघायला गेलात तर आधी ही वही मागा, आणि नसेल तर बागेचं कौतुक करा आणि घरी या.

आणि बाथरूम बघा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला कॉनर स्पॅरोहॉक नावाचा १८ वर्षांचा मुलगा सरकारी आरोग्यसेवेच्या केंद्रात होता, फिट्स येतात हे माहीत असून त्याला टबात एकटं सोडलं, जुलै २०१३ मध्ये तो त्यात बुडून गेला. तिकडे एवढी यंत्रणा असून. आपल्याकडे टब नसतो पण ओली फरशी आहे, गिझरचा नळ आहे. बापूला दार लावून आंघोळ करायची असते, ४५ वर्षांचा माणूस आहे, का नाही लावणार. तर तिथे कडी बाहेरून नाण्याने उघडते आणि तिथले सांभाळणारे मामा दाराबाहेर स्टुलावर. 'बापू ठीक ना' विचारून उपयोग नाही, तो कशालाही हो म्हणतो, म्हणून मामा त्याला आकडे म्हणायला लावतात. बापूला चौदापर्यंत येतात, मग परत नऊवरून चालू. आकडे थांबले की नाणं. मी बाहेर उभी राहून ऐकलंय, बारा, तेरा, चौदा, नऊ, आणि मला रडू आलं होतं.

कागदपत्रांचं पटकन सांगते. २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, ते दाखवा म्हणा, कधीपर्यंतचं आहे ते वाचा. मूल १८ चं झालं की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या (बौद्धिक दिव्यांगांसारख्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून, कलेक्टर असतात तिथे, पालकत्व घ्यावं लागतं, ते बहुतेकांनी केलेलंच नसतं. नॅशनल ट्रस्टचाच निरामय आरोग्य विमा काढा, एक लाखापर्यंतचा आहे. मारहाण, उपासमार असलं काही कळलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, मी त्या वेळी केली नाही, भाऊ बाहेर काढला आणि गप्प बसले. तिथे अजून साठेक जण होते. हे मला टोचतं.

मी आता बुधवारी जाते, न सांगता, दुपारी दोनला, कारण त्या वेळी कुणी पाहुणे येत नाहीत. कुणी दारात अडवलं नाही अजून. माझ्यानंतर कोण जाणार हा खरा प्रश्न आहे, तो मात्र मला कुणी विचारत नाही. भाचीला विचारलंय मी. हो म्हणालीये, पण एकदा चल माझ्याबरोबर वही बघायला म्हटलं तर सध्या तिची परीक्षा आहे.