एक सूत की दोन सूत: शिकारीच्या धनुष्याला बरोबर पीप मिळेपर्यंत

मागच्या सीझनला एका संध्याकाळी मी फुल ड्रॉवर होतो, म्हणजे दोरी पूर्ण ओढलेली, हरिण पंचवीस यार्डावर आडवं उभं, वारा माझ्या तोंडावर, सगळं जुळून आलेलं, आणि पीपमधून बघतोय तर आत नुसता अंधार. डोळा जरा बाजूला केला की हरिण दिसतंय, त्याचा खांदा दिसतोय, कान हलतायत ते पण दिसतंय, पण परत पीपच्या भोकातून बघितलं की एक करडा गोळा आणि त्यावर पिनचा, म्हणजे नेम धरायच्या काडीचा, हिरवा ठिपका तरंगतोय. त्या गोळ्यात खांदा कुठे संपतो आणि पोट कुठे सुरू होतं ते काही केल्या कळेना. बाण सोडला नाही. हळूच दोरी पुढे घेतली आणि ते हरिण चरत चरत झाडीत गेलं. अंदाजाने मारलेला बाण पोटात बसला तर ते जनावर तासन् तास तडफडतं आणि काळोखात त्याचा माग पण धड काढता येत नाही, त्यामुळे सोडला नाही हे बरोबरच केलं. पण अजून प्रकाश शिल्लक असताना मला दिसू नये हे मात्र डोक्यातून जाईना.

ज्यांनी कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीप म्हणजे दोरीच्या धाग्यांमध्ये बसवलेली छोटीशी गोल रिंग. दोरी ओढून हात जबड्याशी आला की ती रिंग बरोबर डोळ्यासमोर येते, तिच्यातून समोरची साइट बघायची, म्हणजे पिना ज्या गोल हाउसिंगमध्ये असतात ते, आणि ते हाउसिंग पीपच्या गोलात मधोमध बसवायचं. बंदुकीला जशी मागची माशी आणि पुढची माशी तसंच. दिसायला एवढीशी वस्तू, शर्टच्या बटणाएवढी, म्हणून लोक साइटवर, रेस्टवर (बाण टेकवायची जागा), बाणांवर तासन् तास बोलतात आणि पीप मिळेल ते लावून मोकळे होतात, मी पण तेच केलं होतं.

माझ्या धनुष्यावर एक सुताचं पीप होतं, म्हणजे 1/8 इंच. (सुताचा हिशोब मला सोपा पडतो, आठ सूत म्हणजे एक इंच, त्यामुळे 3/16 म्हणजे दीड सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत आणि 5/16 म्हणजे अडीच सूत. शिकारीच्या धनुष्याला साधारण याच चार मापांतलं काहीतरी असतं.) एक सुताचं का घेतलं होतं, तर त्याआधी मी भर उन्हात कागदी टार्गेटवरच नेम धरायचो आणि तिथे लहान भोक खरंच छान चालतं. कॅमेऱ्याचं अॅपर्चर बारीक केलं की जवळचं लांबचं दोन्ही शार्प येतं ना, तसंच इथे पण होतं, पिन पण स्वच्छ आणि टार्गेट पण स्वच्छ. पण हरणं भर दुपारी येत नाहीत. ती येतात फटफटताना नाहीतर दिवेलागणीला. आणि भोकाचा व्यास अर्धा केला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे दोन सुतांच्या भोकाच्या मानाने एक सुताचं भोक एक चतुर्थांशच, शिवाय त्याच वेळेला डोळ्याची बाहुली अंधाराने मोठी झालेली असते, तिला जास्त उजेड हवा असतो आणि आपण तिच्यासमोर सुईचं भोक धरून बसलेलो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ज्या दुकानात गेलो तिथल्या माणसाने काउंटरवरचं सगळ्यात मोठं काढून दिलं, अडीच सुताचं, म्हणाला शिकारीला हेच लागतं, आणि माझी साइट कुठली, हाउसिंग केवढं, काहीच विचारलं नाही. मी पण विचारलं नाही. संध्याकाळी खरंच लख्ख दिसायला लागलं, मी खूश. पण चाळीस यार्डावर गेलो आणि जे बाण आधी बशीत मावायचे ते आता ताटात पण मावेनात. आठवडाभर मी रिलीजला (दोरी सोडायच्या खटक्याला) दोष दिला, मनगटाला दोष दिला, बाण तपासले. मग एकदा फुल ड्रॉवर शांतपणे नुसतं बघितलं तेव्हा कळलं, हाउसिंगभोवती उजेडाची एवढी रुंद रिंग होती की हाउसिंग त्यात थोडं डावीकडे गेलं काय किंवा खाली गेलं काय, डोळ्याला पत्ताच लागत नव्हता. मागे दोरीपाशी एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे झालं तर चाळीस यार्डावर ते पाच-दहा सेंटिमीटर होतं.

आणि मग हेही लक्षात आलं की जुन्या एक सुताच्या पीपमधून मला हाउसिंगची कडा कधी दिसलीच नव्हती, फक्त मधल्या पिना दिसायच्या, म्हणजे मी तेव्हा पण मध्य अंदाजानेच धरत होतो, फक्त भोकच लहान असल्यामुळे चूक कमी व्हायची.

इथून पुढे मी मोजून काम करायचं ठरवलं आणि हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून नीट लिहितो. मित्राला बाजूने फोटो काढायला लावला, मी फुल ड्रॉवर, बाण लावलेला, पुढे बाणाला गादी, म्हणजे चुकून सुटला तरी गादीतच जाईल. फोटोत बाणाची लांबी माहीत असते म्हणून त्यावरून बाकीची अंतरं काढता येतात. माझ्या डोळ्यापासून पीप 4 इंचांवर आलं आणि डोळ्यापासून साइटचं हाउसिंग 33 इंचांवर. हाउसिंगचा बाहेरचा व्यास 2 इंच. आता साधं त्रैराशिक, 2 गुणिले 4 भागिले 33, उत्तर 0.24 इंच. म्हणजे एवढ्या भोकात हाउसिंग काठोकाठ बसेल. दीड सूत म्हणजे 0.19, त्यात कडा कापली जाणार. अडीच सूत म्हणजे 0.31, त्यात ते डुलणार, डुलतच होतं. दोन सूत म्हणजे 0.25, हाउसिंग पूर्ण दिसणार आणि भोवती केसाएवढी उजेडाची रिंग उरणार. आपल्याला हवी असते ती हीच रिंग, सगळीकडून सारखी जाड. डोळ्याला गोलात गोल बसवायची उपजत सवय असते, एका बाजूला रिंग जरा जाड झाली की लगेच खटकतं.

माझं माप दोन सूत आलं म्हणून तुमचं पण येईल असं मुळीच नाही. दोरी जास्त लांब ओढणारा असेल, साइट लांब बारवर पुढे ढकललेली असेल, हाउसिंग लहान असेल तर दीड सूत बरोबर येईल, आणि कुणाचा चेहरा दोरीच्या फार जवळ असतो कुणाचा लांब. म्हणून दुसऱ्याला विचारून पीप घेऊ नका, मोजा.

तरी हिशोबावर विश्वास ठेवण्याआधी संध्याकाळची परीक्षा घेतली. ज्या पीपमध्ये वेगवेगळ्या मापाच्या चकत्या आट्यांनी फिरवून बसवता येतात तसं एक आणलं, त्यामुळे दोरी न सोडवता माप बदलता येतं. फोमचं हरिण झाडीच्या कडेला पंचवीस यार्डावर उभं केलं, सूर्य मावळला की घड्याळ लावलं आणि दर पाच मिनिटांनी ओढून बघायचं, प्रत्येक मापाला एक संध्याकाळ, तिन्ही दिवस आकाश स्वच्छ होतं. खांदा आणि पोट वेगळं ओळखू येणं हा निकष. एक सुतातून 10 मिनिटांनी ओळखू येईना. दीड सुतातून 20 मिनिटांपर्यंत जमलं. दोन सुतातून 25 मिनिटं आरामात आणि 30 ला जरा डोळे ताणून. ज्याने त्या संध्याकाळचं हरिण बघितलंय त्याला त्या पंधरा मिनिटांची किंमत विचारा. शिकारीला निघताना मात्र मी चकत्यांचं पीप काढून अखंड तुकड्याचं बसवलं, कारण सारख्या हादऱ्यांनी चकती सैल होऊन ऐन वेळी पडायला नको.

एक तोटा झाला तो पण सांगतो. भोक मोठं झाल्यावर पिना जरा पसरट, चांदणीसारख्या दिसायला लागल्या. मोठ्या भोकाने डोळ्याचा बारीक दोष उघडा पडतो, लहान भोक तो झाकतं. पिना स्पष्ट करणारी भिंगं पीपमध्ये बसवता येतात, त्यांना व्हेरिफायर म्हणतात, आणि साइटला मोठं दाखवणारं भिंग असेल तर टार्गेट स्पष्ट करायला क्लॅरिफायर, ही दोन वेगळी आहेत आणि लोक हमखास घोळ करतात. मी व्हेरिफायर लावून बघितलं, घरात झकास, पण पहाटे दवात उभं राहिलो, श्वासाची वाफ लागली आणि भिंग पांढरं झालं. काढून टाकलं. पिनच्या फायबरवर (ठिपका चमकवणारा धागा) काळी टेप थोडी गुंडाळून तिचा उजेड कमी केला, चांदणी आटोपली. चाळिशीमुळे ज्यांना पिना अजिबातच दिसत नाहीत त्यांना भिंगाशिवाय इलाज नाही, त्यांनी ते जरूर लावावं, बरोबर पुसायला कोरडं कापड ठेवावं.

मग फिरण्याचा प्रश्न. दोरी ओढताना पिळाने थोडी फिरते आणि पीप तोंड वाकडं करून बसतं, भोकाऐवजी त्याची कडाच डोळ्यासमोर येते. माझ्या पहिल्या पीपला रबरी नळी होती, ती केबलला, म्हणजे धनुष्याच्या दुसऱ्या दोरीला, बांधलेली असते आणि ओढलं की पीप खेचून सरळ करते. चालतं ते, पण रबर उन्हाथंडीने चिरतं, आणि माझी नळी एकदा फुल ड्रॉवर तुटून गालावर बसली, वळ दोन दिवस होता. डोळ्याला लागली असती तर काय, असं मनात आलं आणि मी नळी सोडली. बिननळीचं पीप लावायचं तर दोरी चांगली, न ताणणारी हवी आणि धागे दोन्ही बाजूला सारखे हवेत, चोवीस धाग्यांची दोरी असेल तर बारा इकडे बारा तिकडे. दोरंगी दोरीला हे सोपं जातं. बसवल्यावर शंभरेक बाण मारून दोरीला बसू दिलं, मग पीप थोडं डावीकडे बघत होतं, दोरीच्या एका टोकाला अर्धा पीळ दिला, सरळ झालं. डी-लूप (रिलीज अडकवायचा दोरीवरचा छोटा फास) तिरका बांधला असेल तरी पीप फिरतं, म्हणून आधी तो बघा. आणि पीपच्या दोरी बसायच्या खाचेचा कोन पण बघून घ्या, धनुष्य आखूड असेल तर ओढल्यावर दोरी जास्त तिरकी होते, आणि पीपची खाच त्या कोनाला जुळत नसेल तर गोल भोक लंबगोल दिसतं, उजेड तिथेच गेला.

हे सगळं बो प्रेसवरच, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्रावरच, करायचं. ताणलेल्या दोरीत स्क्रू-ड्रायव्हर घालून धागे फाकवणारे मी बघितलेत, कृपा करून करू नका, एक धागा कापला गेला तर सगळं धनुष्य हातात फुटू शकतं. आणि पीपच्या वर खाली सर्व्हिंगच्या (दोरीवर गुंडाळायच्या बारीक) दोऱ्याने घट्ट बांधून घ्या. नुसतं धाग्यांच्या चिमटीत अडकवलेलं पीप बाण सुटताना उडू शकतं.

उंची ठरवताना मी डोळे मिटून ओढायचो, हात जबड्याशी, नाकाचं टोक दोरीला, अगदी सवयीने जिथे बसतं तिथे, आणि मग डोळे उघडायचे. समोर पीप नसेल तर मान हलवायची नाही, पीप हलवायचं. पहिल्या वेळी मी हे टी-शर्टवर केलं आणि सगळं तंतोतंत जमलं, मग जंगलातलं जाड जाकीट, गळ्याशी वर आलेली कॉलर, तोंडावर जाळी असं घालून ओढलं तर पीप चक्क खाली. म्हणून परत सगळे कपडे घालून, मधल्या पिनच्या अंतरावर, उभं राहून आणि बसून दोन्ही प्रकारे करून बघितलं आणि तीन मिलिमीटर वर सरकवलं. पीप वर गेलं की बाण पण वर लागतो, त्यामुळे पिना परत लावायला एक सकाळ गेली.

या सीझनला जवळपास त्याच वेळेला, तशाच उजेडात एक हरिण आलं. ओढलं, रिंग चारी बाजूंनी सारखी, आत पिन, पिनच्या मागे हरणाची छाती, आणि स्वच्छ दिसलं की ते माझ्याकडे तोंड करून उभं आहे, आडवं नाही. तीन-चार श्वास थांबलो. वळलं नाही, मी दोरी पुढे घेतली. चार दिवसांनी पहाटे दुसरं आलं, ते आडवं होतं, बावीस यार्ड, आणि बाण जिथे पिन होती तिथेच गेला.

आता दोरी बदलायला आलीये. जुनी काढायच्या आधी डी-लूपपासून पीपच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून धनुष्याच्या पेटीच्या झाकणात आतून लिहून ठेवलंय, आणि पीपच्या वर खाली दोरीवर चंदेरी पेनने खुणा केल्यात, सरकलं तर बाण सोडायच्या आधी दिसेल.