आजीच्या मांडीत रॉड नव्हता

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. नागपूरचा मे म्हणजे दहा वाजले की रस्ते ओस, आणि आमच्या ऑफिसच्या खिडकीतला कूलर सकाळपासून घरघरत असतो. मी बीएएमएस आहे, चार वर्षं झाली एका कंपनीत सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम तपासते. हॉस्पिटलने प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची परवानगी मागणारा अर्ज, टाकला की कागद, फोटो, एक्स-रे उघडून बघायचे आणि मंजूर, क्वेरी किंवा रिजेक्ट यातलं एक बटण दाबायचं. पेशंट कधी समोर येत नाही.

आमच्याकडे फ्रॉड पकडायला एआयवालं सॉफ्टवेअर आहे आणि माझा त्याला अजिबात विरोध नाही, हे आधीच सांगते. एकच माणूस एकाच तारखेला दोन गावांत भरती, पंचवीस बेडच्या दवाखान्यात चाळीस पेशंट, एकच फोटो दोघांच्या फाईलला, हे रोज हजारो कागद बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना सापडणारच नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेवरचा अहवाल संसदेत आला तो आठवत असेल, 7 लाख 49 हजार 820 लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले, आणि तो नंबर म्हणजे दहाच्या दहा नऊ. आधीच मेलेल्या म्हणून नोंद असलेल्या 3,446 पेशंटच्या नंतरच्या उपचारांसाठी 6 कोटी 97 लाख रुपये दिले गेले तेही त्याच अहवालात होतं. मोबाईल नंबरवरून ओळख पटवतच नाही असं मंत्रालयाने नंतर सांगितलं, म्हणजे त्या साडेसात लाखांतला प्रत्येक माणूस बोगस नव्हता, कोणीतरी घाईत रकाना भरून टाकला होता. हा फरक मी तेव्हा वाचला होता, पण डोक्यात नीट बसला तो त्या दिवशी.

साडेअकराच्या सुमारास एक केस आली, लाल पट्टी, फ्रॉडच्या संशयाचा स्कोअर 100 पैकी 94. कुहीकडच्या एका गावातली आजी, वय 68, अंगणात पाय घसरून पडली, डाव्या खुब्याजवळचं हाड मोडलेलं, मांडीत रॉड टाकायची परवानगी हवी. खाली सिस्टिमने कारण दिलं होतं, याच कार्डावर 14 महिन्यांपूर्वी याच पायाचं हेच ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात, पैसेही दिले गेलेत. इतकं स्पष्ट असल्यावर विचार कशाला करायचा, मी रिजेक्ट निवडून रिमार्कसुद्धा टाईप केला, "सदर शस्त्रक्रिया यापूर्वी झालेली असल्याने". सेव्ह करायच्या आधी एक्स-रे उघडावा लागतो म्हणून उघडला, एवढंच.

नवा एक्स-रे. म्हाताऱ्या माणसाचं हाड, भिंत कागदासारखी पातळ, खुब्याखाली तिरकी चीर. आणि आत काहीच नाही. रॉड नाही, स्क्रू नाही. बरं, रॉड काढला असेल म्हणावं तर काढल्यावरही स्क्रूची भोकं बरेच महिने दिसतात, इथे भोक तर सोडाच, ठिपकाही नव्हता. मग मी 14 महिन्यांपूर्वीच्या क्लेममधला ऑपरेशननंतरचा एक्स-रे बाजूला लावला. त्यात रॉड होता, दोन स्क्रू होते, आणि हाड होतं एखाद्या पंचवीस-तीस वर्षांच्या गड्याचं, जाड पांढऱ्या भिंतीचं. दीड वर्षाच्या आत कोणाचं हाड इतकं झिजत नाही हो. कोपऱ्यात आजीचं नाव होतं पण ते फिल्मवरचं नव्हतं, नंतर कॉम्प्युटरवर टाईप करून चिकटवलेलं होतं. आणि कडेला, जिथे फोटो कापला होता तिथे, एका अक्षराचा तुकडा उरलेला. एक्स-रे काढताना बाजू कळावी म्हणून शिशाचं अक्षर ठेवतात, उजव्या पायाला आर, डाव्याला एल. हा तुकडा आरचा होता आणि त्याचं पोट उलट्या बाजूला होतं. म्हणजे कोणाचा तरी उजवा पाय आरशासारखा उलटवून डावा केलेला.

मला एकदम थंड घाम आला, कूलरचा नाही.

आमच्या आयटीतल्या मुलाला फोन केला, म्हटलं हे चित्र उलटं करून सगळ्या जुन्या क्लेमवर चालव ना. तो म्हणाला मॅडम मॅचिंग तर आपोआप होतंच. म्हटलं होत असेल, पण उलटवलेलं आणि कापलेलं पकडतं का? तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला चालवतो. तोपर्यंत मी आजी भरती होती त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या पेशंटला मदत करायला तिथे नेमलेल्या माणसाला, व्हिडिओ कॉल लावला, ती मुलगीच होती, तिने पडदा ओढून आजीच्या मांडीची बाहेरची बाजू दाखवली. आधी ऑपरेशन झालं असतं तर टाक्यांचा व्रण हवा होता. सुरकुतलेली कातडी, पडल्याचा काळानिळा डाग, बाकी काही नाही.

आजीला वाटलं डॉक्टरीणबाई तपासतेय. मी विचारलं, आजी, या पायाचं आधी ऑपरेशन झालं होतं का? "कायचं आपरेशन वं माय? पाय तं काल मोडला." मग जरा आठवून म्हणाली, "मांगच्या सालच्या आधी गावात शिबिराची गाडी आली होती. गुडघे लय दुखत होते मनून गेली. सलाइन लावली, फोटू काढला, कार्ड घेतलं, अंगठा घेतला, तिसऱ्या रोजी आनून सोडलं. गोया देल्ल्या चांगल्या होत्या." हे बोलताना ती तोच अंगठा वर करून दाखवत होती. बोटांची टोकं लालसर, सोललेली. आरोग्यमित्र म्हणाली मॅडम, ह्या सीझनभर मिरचीच्या सातऱ्यावर, मिरच्या पसरून निवडतात तिथे, डेठ खुडायला जातात.

अर्ध्या तासात आयटीचा फोन आला. तोच एक्स-रे, कधी डावा कधी उजवा, 14 महिन्यांपूर्वीचा क्लेम टाकणाऱ्या त्याच हॉस्पिटलच्या आणखी तीन क्लेममध्ये. एकदा काय शोधायचं ते सांगितल्यावर मशीनने जे आठ सेकंदांत केलं ते मला आठ महिन्यांत जमलं नसतं, हे कबूल करायलाच पाहिजे.

पण मग 94 स्कोअर कोणाचा होता? आजीच्या कार्डाचा. ज्याने चार वेळा पैसे उचलले त्या हॉस्पिटलचा स्कोअर मी मुद्दाम काढून बघितला, हिरवा होता, कागद वेळेवर आणि पूर्ण म्हणून. मशीनला दोन ऑपरेशनं जुळत नाहीत एवढं बरोबर कळलं होतं. त्यातलं खोटं कोणतं हे कोणी त्याला विचारायला शिकवलंच नव्हतं, आणि डीफॉल्टमध्ये शंका गरिबाच्या कार्डावर. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो आईबापांना असंच लबाड ठरवून वसुली लावली होती, शेवटी जानेवारी 2021 मध्ये तिथल्या अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे एका स्लाइडवर होतं, मी तेव्हा नोट्ससुद्धा काढल्या होत्या.

इकडे वेळ जात होता. या वयात खुबा मोडला तर 48 तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं, पडून राहिलं की छातीत कफ, पाठीला जखमा, पायात गुठळी, एकेक सुरू होतं. लाल केस माझ्या एकटीच्या सहीने सुटत नाही, वरच्या ऑर्थो डॉक्टरांची लागते. सर जेवायला बसले होते, मी डबा उघडा असतानाच दोन्ही एक्स-रे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी घास तसाच ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही दोन वेगळी माणसं आहेत." 2 वाजून 10 मिनिटांनी मंजुरी गेली.

मग केस बंद करताना फॉर्म आला. फ्रॉडचा प्रकार निवडा. यादीत होतं, रुग्णाने माहिती लपवली, रुग्णाने बनावट कार्ड वापरलं, रुग्णाने दुबार लाभ घेतला, कागदपत्रं अपूर्ण, इतर. "रुग्णाची फसवणूक झाली" असा पर्यायच नव्हता. मी वरून खाली दोनदा बघितलं. शेवटी "इतर" निवडून त्या छोट्याशा डब्यात जेवढं मावेल तेवढं लिहिलं, हॉस्पिटलच्या चौकशीसाठी चारही क्लेमचा वेगळा रिपोर्ट वर पाठवला, आणि आजीचं कार्ड स्वच्छ करा म्हणून आयटीकडे तिकीट टाकलं. कारण तो स्कोअर नुसता आजीचा नाही ना, एकाच रेशनकार्डावरच्या सगळ्यांना लागतो, तिची सून त्या वेळी सात महिन्यांची गरोदर होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरोग्यमित्राने ऑपरेशननंतरचा एक्स-रे पाठवला. पातळ भिंतीचं तेच हाड, आत रॉड, कडेला शिशाचं एल, सरळ. तिने आजीचा निरोपही टाकला होता, "त्या बाईले इचार, माह्या कार्डावर आता काही हाय का?"

हॉस्पिटलची चौकशी सुरू झाली आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहिता येणार नाही. उलटवलेले एक्स-रे पकडायची सोय जूनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आली. तिकिटाचं म्हणाल तर दर सोमवारी आल्या आल्या मी आधी ते उघडते. प्रलंबित. आजीचं कार्ड अजून लाल आहे.