मंदीत फ्लॅटचा भाव नेमका कुठे पडतो

मंदीची चाहूल लागली की "आता रेट पडतील, जरा थांबू या" अशी चर्चा घराघरांत सुरू होते. पुण्यात मात्र बिल्डरच्या रेटकार्डावर मंदी सहसा उमटत नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयं बंद होती, साइटवरचे मजूर गावी गेले होते, तरी जाहिरातींतले प्रति चौरस फूट दर फारसे हलले नाहीत.

बिल्डर हट्टी असतो म्हणून असं होतं, असं नाही. रेट उघडपणे उतरवला की आधी बुकिंग केलेले ग्राहक दुसऱ्या दिवशी सेल्स ऑफिसात येऊन बसतात. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या संस्थेचा हिशोबही विक्रीच्या ठराविक दरावर बेतलेला असतो. शिवाय खाली रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेलं जागेचं मूल्य, आहेच. करारातली किंमत रेकनरच्या मूल्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर फरकावर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही प्राप्तिकर लागू शकतो. ही अडचण इतकी खरी होती, की केंद्राने 12 नोव्हेंबर 2020 ते 30 जून 2021 या काळात 2 कोटींपर्यंतच्या नव्या घरांसाठी ही मर्यादा 20 टक्के केली होती.

त्यामुळे सूट मिळते ती आडवाटेने. फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर) माफ, पार्किंग किमतीतच, जीएसटी आमच्याकडे, मॉड्युलर किचन फुकट. 2021 मध्ये "स्टॅम्प ड्युटी आम्ही भरू" असे फलक जागोजागी लागले होते. त्यातलं सगळंच काही औदार्य नव्हतं. सरकारने त्या वर्षी बांधकाम प्रीमियममध्ये (बांधकाम परवानगीसाठी बिल्डरने भरायच्या शुल्कात) 50 टक्के सवलत दिली, ती ग्राहकाची मुद्रांक शुल्काची रक्कम बिल्डरने भरायची याच अटीवर.

शक्य असेल तिथे भेटवस्तू सोडा आणि करारातली किंमत कमी करून मागा. 70 लाखांच्या बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर 5 लाख कमी झाले, तर 5 टक्के जीएसटीचे 25,000 आणि पुण्यातल्या 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 35,000 रुपये वेगळे वाचतात. बँक 80 टक्के कर्ज देते असं धरलं, तर पदरचे 14 लाखांऐवजी 13 लाख घालावे लागतात. शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो रोखच उभा करायचा असतो. बिल्डर याला सहजासहजी तयार होत नाही, कारण ती किंमत कायमची इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर, चढते.

आणि आपल्यालाही तेच वाचायचं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे किंवा सिटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकला की त्या जागेवरचे दस्त दिसतात. (कॅप्चा बहुधा दोनदा टाकावा लागतो, वैतागू नका.) इंडेक्स टूत रकाना 2 म्हणजे मोबदला, 3 म्हणजे बाजारभाव, म्हणजेच सरकारी मूल्य. 5 मध्ये क्षेत्रफळ असतं. एखाद्या सोसायटीत लागोपाठ काही दस्तांत रकाना 3 चा आकडा 2 पेक्षा मोठा दिसू लागला, तर तिथे व्यवहार रेकनरच्या खाली होतायत हे समजावं. मुद्रांक शुल्क मात्र दोन्हींपैकी मोठ्या आकड्यावरच लागतं.

समजा मोबदला 58 लाख आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) 62.40 चौरस मीटर. 10.764 ने गुणलं की साधारण 672 चौरस फूट होतात आणि दर येतो 8,635 च्या आसपास. दस्तात पार्किंगही धरलं असेल आणि त्याचे 3 लाख वजा केले, तर दर 8,190 च्या जवळ उतरतो. गफलत होते ती नेमकी इथे. जुन्या दस्तांत क्षेत्र बिल्टअप (भिंती धरून) असतं, रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत. या दोन आकड्यांची थेट तुलना केली तर भाव चढल्याचा भास होतो.

दुसरी गफलत तारखेची. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात भाव ठरतो एका महिन्यात, दस्त होतो पुढे कधीतरी. 2020 च्या डिसेंबरचे दस्त तर फारच जपून वाचावे लागतात. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर शुल्कात 3 टक्क्यांची आणि पुढे मार्चअखेर 2 टक्क्यांची सूट होती. 70 लाखांवर 3 टक्के म्हणजे 2 लाख 10 हजार. साहजिकच लोकांनी नंतर करायची खरेदी आधीच उरकली. डिसेंबरअखेर शुल्क भरून दस्तावर सह्या झाल्या असल्या, तर नोंदणीला पुढे चार महिने मिळत होते, म्हणून रकाना 9 (दस्त करून दिल्याची तारीख) आणि 10 (नोंदणीची तारीख) यांत अंतर दिसतं. भावाचा अंदाज घ्यायचा तर 9 धरा. डिसेंबरच्या त्या गर्दीवरून "मार्केट उठलं" म्हणणारे एजंट पुष्कळ होते.

खरी नाडी सापडते ती रीसेलमध्ये आणि त्याहून आधी भाड्यात. भाडेकरार बहुतेक 11 महिन्यांचे, त्यामुळे नोकरीच्या बाजाराचा फटका तिथे लगेच बसतो. 2020 मध्ये आयटीवाले आणि विद्यार्थी गावी परतले, तेव्हा हिंजवडी, विमाननगर भागांत भाडी पटकन उतरली. लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे याच भाडेकरारांचे, दस्तही नोंदवावे लागतात, तेव्हा तेही त्याच ई-सर्चमध्ये सापडतात. ज्या इमारतीत फ्लॅट बघताय तिथले मागच्या दोन वर्षांचे भाडेकरार काढा आणि मालकाशी बोलायला त्यानंतर बसा.