टाकी, बझर आणि मी

आमच्या वापराच्या पाण्याची टाकी भरली की पाणी सज्जावरून बदाबदा खाली पडतं आणि मग समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडतं, अहो मोटर! म्हणून मी ठरवलं की टाकी भरल्याचा अलार्म घरीच करायचा. विकतचा मिळतो, हे माहीत असूनही.

रविवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत गेलो. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर मागितला तर दुकानदार म्हणाला, एक काय करताय, दहा घ्या, जळणारच आहेत. माणूस खरं बोलत होता! बझर, ९ व्होल्टची बॅटरी, १ के रेझिस्टर (त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, लाल), झालं. म्हणजे कल्पना सोपी आहे, नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून दोन वायरी पाण्यात बुडाल्या की त्यातून थोडासा करंट जातो, तो बझर वाजवायला पुरत नाही, पण तेवढाच ट्रान्झिस्टरच्या बेसला दिला की तो दोनेकशे पट मोठा करून बझरला देतो.

सगळं सोल्डर केलं, वायरी बादलीत सोडल्या, तर बझर नुसता कण्हल्यासारखा. दोन रविवार गेले त्यात. सोल्डर परत केलं, बॅटरी बदलली, घरातल्यांवर चिडून झालं. शेवटी कळलं की मी जी आकृती बघत होतो ती २एन ३९०४ या दुसऱ्याच ट्रान्झिस्टरची. त्याची सपाट बाजू आपल्याकडे धरली की पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात, आणि ५४७ चे बरोब्बर उलटे. फिरवून लावला तर बझर असा किंचाळला की आई देवघरातून उठून आली.

महिनाभर मस्त चाललं, मग परत गप्प. टाकीचं झाकण उघडून बघितलं तर प्लसची तांब्याची वायर हिरवीगार आणि दोऱ्याइतकी बारीक झालेली, मायनसची मात्र ठणठणीत. चूक माझीच होती, बटण लावलं होतं ते फक्त बझरला, आवाज बंद झाला तरी पाण्यातून करंट चालूच, आणि तांबं हळूहळू पाण्यात विरघळत होतं. कॉलेजात इलेक्ट्रोलिसिसचं गणित चार मार्कांना सोडवलं होतं, ते असं घरी टाकीवर भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग लहानपणीचा उद्योग आठवला. रिमोटमधले साधे संपलेले सेल पकडीने फोडले, आत काळी पूड (हात दोन दिवस काळे) आणि मधोमध कार्बनची कांडी, तिच्या डोक्यावर धातूची टोपी. त्या टोपीवर सोल्डर छान बसतं आणि कार्बन तांब्यासारखा विरघळत नाही. फक्त अल्कलाइन सेल फोडू नका, त्यात कांडी नसतेच, वर आतला क्षार हाताला भाजतो.

आता दोन्ही टोकांना कांड्या आहेत आणि बटण थेट बॅटरीला. पावसाळा काढला त्यानं. आईचं म्हणणं, वाजतं ते ठीक आहे रे, पण मोटर बंद करायला मलाच उठावं लागतं ना? त्याला रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) लागतो, म्हणजे मोटरच्या २३० व्होल्टशी गाठ, ते मी अजून टाळतोय. तोवर रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक येते, अरे, तुझं वाजतंय!