शिक्षा नाही, फक्त लेखी खुलासा

एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकन असलेल्या रुग्णालयांत झालेली किंवा होता होता टळलेली चूक कळवण्याचा ‘इन्सिडंट फॉर्म’ असतो आणि तो भरणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे आम्हा परिचारिकांना रुजू होतानाच सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू खोटा असतो असे मला वाटत नाही. मात्र निलंबन आणि पगारकपात एवढ्यालाच शिक्षा म्हणायचे ठरवले, तरच ते आश्वासन खरे ठरते.

मी पूर्वी काम करीत असलेल्या एका वॉर्डात स्टोअरमधून प्रति मिलिलिटर 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन्ही प्रकारच्या इन्शुलिनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) येत. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, दुसरीसाठी नारिंगी टोपणाची. 100 युनिटच्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला 10 ऐवजी 25 युनिट जातात. एका कनिष्ठ सिस्टरने नाईटला नेमका असाच डोस भरला, टोचण्यापूर्वी तिच्याच ते लक्षात आले, तिने तो टाकून दिला आणि सकाळी स्वतःहून फॉर्म भरून दोनपैकी एकाच प्रकारची व्हायल मागवावी अशी सूचनाही लिहिली. तिला शिक्षा झाली नाही. तिच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, मेट्रननी (मुख्य परिचारिकांनी) सर्वांदेखत तिला डोसचे गणित विचारले, आणि पुढच्या ड्युटी लिस्टमध्ये तिच्या वाट्याला सलग नाईट आल्या. ती कंत्राटावर होती, त्यामुळे या सगळ्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगावा लागला नाही. स्टोअरमधून दोन्ही व्हायल येतच राहिल्या.

त्यानंतर त्या वॉर्डातून औषधांच्या चुकांचे फॉर्म जवळजवळ बंद झाले आणि क्वालिटी विभागाच्या फलकावर ‘शून्य’ लागले. भरलेल्या वॉर्डात दिवसाला शेकडो डोस दिले जात असताना या शून्याचे कौतुक कसे होऊ शकते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

कायद्याचा धाकही आहेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास ही मर्यादा 2 वर्षांची आहे, परंतु त्या सवलतीच्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातील रॅडोंडा वॉट या परिचारिकेने 2017 मध्ये शामक औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे व्हेक्युरोनियम दिले आणि रुग्ण दगावली. तिने चूक लगेच कबूल केली होती, तरीही 2022 मध्ये ती फौजदारी खटल्यात दोषी ठरली आणि तिला 3 वर्षांचे प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मुक्तता) मिळाले. तिने औषध काढण्याच्या यंत्रावरील आणि व्हायलवरील इशारे ओलांडले होते, हे नाकारता येणार नाही. पण तो निकाल वाचून जगभरातल्या परिचारिकांनी घेतलेला धडा इशाऱ्यांचा नव्हता, कबुलीचा होता.

माझ्या मते फॉर्म वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर किंवा मेट्रनच्या टेबलावरून जाताच कामा नये, कारण ड्युटी लिस्ट त्याच टेबलावर तयार होते. नाईटला दोनच सिस्टर असतील तर नाव लपत नाही, हे मान्य. म्हणून हल्ली कोणत्याही मुलाखतीत मी एकच विचारते, की गेल्या वर्षभरात आलेल्या फॉर्मवरून रुग्णालयाने कोणती खरेदी किंवा औषधांची कोणती मांडणी बदलली. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, की संबंधित सिस्टरला पुन्हा प्रशिक्षण दिले.